मधमाशीचा टप्पा आणि फुलोऱ्याची साखळी : कसारा परिसरातील बदलत्या भूप्रदेशाचा विचार

भूप्रदेशातील बदल मोजण्याची माणसाची रीत बहुतांशी क्षेत्रफळाची आहे. किती हेक्टर रान उरले, किती जमीन धरणाखाली गेली, रस्त्यासाठी किती संपादन झाले, याची नोंद सातबाऱ्यावर, वनखात्याच्या नकाशावर किंवा उपग्रहाच्या चित्रावर होते आणि त्या आकड्यांवरून लाभहानीचा हिशेब मांडला जातो. मधमाशीच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो, कारण तिचे जगणे दोन मर्यादांनी बांधलेले आहे : घरट्यापासून किती दूर जाऊन ती लाभात परतू शकते ही एक, आणि तेवढ्या टप्प्यात वर्षाच्या कोणत्या पंधरवड्यात काय फुललेले असते ही दुसरी. कसाऱ्याच्या घाटपायथ्यापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील बदल या दोन मापांनी वाचले, तरच त्यांचा मधमाशीवर आणि पर्यायाने रानावर व शेतीवर होणारा परिणाम नीट कळतो, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

१. परिसर आणि त्यातील माश्या

हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, भरपूर पावसाचा आणि तितक्याच कडक उन्हाळ्याचा मुलूख आहे. वैतरणा, तानसा, भातसा, काळू आणि शाई या नद्यांच्या खोऱ्यांत भाताची खाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरई-खुरासणीची वरकस जमीन, तिच्याही वर साग, ऐन, हिरडा, मोह, पळस अशा पानगळी झाडांचे मिश्र रान आणि सर्वांत वर कातळकडे, अशी या भूप्रदेशाची उतरंड आहे. पायथा, उतार आणि माथा यांवरील वनस्पतींचे फुलण्याचे काळ पुढेमागे असल्यामुळे थोड्या अंतरात अनेक हंगाम सामावतात आणि मधमाश्यांसाठी ही रचना मुळात अनुकूल ठरते.

येथे स्थानिक मधमाश्यांच्या चार मुख्य प्रकारांना वाव आहे. आग्या माशी आकाराने सर्वांत मोठी. ती उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याच्या पोटाला एकच प्रचंड पोळे उघड्यावर टांगते आणि ऋतूनुसार स्थलांतर करते. सातेरी झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते आणि लाकडी मधपेटीतही राहते. फुलोरी ही लहान माशी झुडपाच्या डहाळीवर तळहाताएवढे पोळे करते, तर पोया ही नांगी नसलेली माशी फटीत आणि पोकळीत मेण व राळ यांचे घर बांधते. कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी समाजांचा रानातल्या मधाशी जुना संबंध आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मध व मेण यांना गौण वनउपजात स्थान देऊन हा संबंध हक्काच्या भाषेतही मान्य केला आहे.

२. टप्पा : नाचातून वाचलेले अंतर

मधमाशी चारा गोळा करायला कुठे जाते हे तिच्या नाचावरून कळते. चांगला फुलोरा सापडलेली कामकरी माशी परतल्यावर पोळ्यावर सरळ धाव घेत पोट हलवते, मग एका बाजूने वळसा घेऊन पुन्हा तीच धाव घेते. अंधाऱ्या ढोलीतील उभ्या पोळ्यावर ही धाव लंबरेषेशी जो कोन करते, तोच कोन बाहेर सूर्याच्या दिशेशी करून उडायचे असते, आणि धाव जितका वेळ टिकते तितके अंतर लांब असते. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात श्रीलंकेत आग्या, सातेरी आणि फुलोरी या आशियाई जातींचे नाच अभ्यासून त्यांच्यात बोलींसारखा फरक असल्याचे दाखवले. २०२० मध्ये दक्षिण भारतातील अभ्यासाने या फरकाचे कारण पुढे आणले. कमी टप्प्यात फिरणारी सातेरी थोड्याशा अंतरासाठीही लांब धाव घेते, त्यामुळे तिची सूचना अधिक नेमकी होते. दूरवर जाणारी आग्या माशी तेवढेच अंतर तोकड्या धावेत सांगते.

सातेरीचा रोजचा टप्पा साधारणपणे एक किलोमीटरच्या आसपास असतो, आग्या माशीचा त्याच्या काही पट. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ३१४ हेक्टर जमीन येते. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्र चौपट होते, पण माशीचा जाण्यायेण्याचा वेळ आणि त्यात जळणारी साखरही वाढते, आणि एका मर्यादेपलीकडे आणलेला मकरंद प्रवासातच खर्ची पडतो. म्हणून लांब उड्डाण हे माशीच्या सामर्थ्याचे लक्षण असले, तरी पुष्कळदा ते जवळच्या टंचाईचेही लक्षण असते. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ १९९६ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय मधमाश्या माळावरच्या हेदर या झुडपाच्या फुलोऱ्यासाठी सरासरी साडेपाच किलोमीटर जात होत्या. ब्रायटनजवळच्या नाचांच्या अभ्यासात मार्चमध्ये सरासरी अंतर सुमारे अर्धा किलोमीटर होते आणि भर उन्हाळ्यात ते दोन किलोमीटरच्या पुढे गेले. म्हणजे हिरव्यागार दिसणाऱ्या शेतप्रदेशातही माशीसाठी दुष्काळाचे महिने असतात. जर्मनीतील २००३ च्या अभ्यासात एकसुरी पिकांच्या प्रदेशातील माश्यांना परागासाठी अधिक दूर जावे लागत असल्याचे दिसले. सातेरीला इतकी दूरची मुभा नाही, त्यामुळे तिच्या वर्तुळातील उणीव तिला उड्डाण वाढवून भरून काढता येत नाही.

३. फुलोऱ्याचे वर्ष

दुसरे माप काळाचे आहे. या परिसरात हिवाळा सरता सरता काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. पाठोपाठ करवंद, मोह आणि जांभूळ येतात. एप्रिल-मेमध्ये करंज, हिरडा, बेहडा आणि कुडा, तर पावसाच्या तोंडावर ऐन. जून ते सप्टेंबर हा सातेरीचा खरा उपासमारीचा काळ होय, कारण साग आणि खैर फुललेले असले तरी संततधार पावसात माशीला बाहेर पडता येत नाही आणि फुलातला मकरंद धुऊन जातो. पाऊस ओसरताना तेरडा, कवळा आणि सोनकी उतारांवर फुलतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वरकस जमिनीवरची खुरासणी पिवळी होते. याशिवाय सात-आठ वर्षांनी एकदा कारवी एकाच वेळी फुलते आणि त्या वर्षी मधाचे मान एकदम वाढते.

या साखळीतील प्रत्येक दुव्याचे काम वेगळे आहे. जांभूळ-हिरड्याच्या फुलोऱ्यावर मधाचा साठा होतो. खुरासणीच्या परागावर पावसाळ्यात रोडावलेली वसाहत पुन्हा अळ्या वाढवून उभी राहते. मकरंद हे माशीचे इंधन असले, तरी अळ्यांची वाढ परागातील प्रथिनांवर अवलंबून असते. त्यामुळे जे वर्तुळ मार्चमध्ये भरगच्च आणि ऑक्टोबरमध्ये रिकामे आहे ते वर्षभराचे घर होऊ शकत नाही, मग त्यातील झाडांची एकूण संख्या कितीही असो.

खुरासणीचे उदाहरण येथे जवळून पाहण्यासारखे आहे. हे पीक स्वपरागणाला जवळजवळ पूर्णपणे नकार देते, म्हणजे एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलावर पडला तरी बी धरत नाही. प्रत्येक पिवळे फूल वस्तुतः अनेक बारीक फुलांचा गुच्छ असते. सातेरी त्या गुच्छावर गोल फिरत एकेका फुलात सोंड घालते आणि केसाळ पोटाला लागलेला पराग घेऊन शेजारच्या झाडावर जाते. माशी कमी झाली की गुच्छात पोकळ बी वाढते, तेलाचा उतारा घटतो, आणि उतारा घटला की शेतकरी खुरासणी पेरणे सोडतो. पीक सुटले की माशीचा शरदातला आधारही सुटतो. एकाच्या घसरणीने दुसऱ्याची घसरण वाढवण्याचे हे चक्र कोणत्याही हेक्टरी आकड्यात दिसत नाही.

४. बदलाची रूपे

पाणी. तानसा धरण १८९२ मध्ये, मोडकसागर १९५७ मध्ये आणि पुढे भातसा, अशी या परिसरातील मोठी जलाशयांची रांग मुंबईची तहान भागवते. तानसाच्या पाणलोटातील रान जपले गेले आणि १९७० मध्ये तेथे अभयारण्य झाले, हा या इतिहासाचा मोलाचा भाग आहे. परंतु धरणाच्या पाण्याखाली गेले ते खोऱ्याचे तळ, आणि जांभूळ, करंज, उंबर ही झाडे मुख्यतः ओढ्या-नद्यांच्या काठी दाटीने वाढतात. जलाशयाच्या काठावर घरटे असलेल्या सातेरीच्या वर्तुळातील जवळजवळ निम्मी जागा पाणीच असते. ३१४ हेक्टरांतून उरलेल्या सुमारे १५७ हेक्टरांवर तिला बारा महिने भागवावे लागते.

पाण्याचा परिणाम माशीच्या उड्डाणावरही होतो. भारतीय वंशाचे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये दाखवले, की माशी अंतर मोजते ते डोळ्यांसमोरून मागे सरकणाऱ्या दृश्याच्या प्रमाणावरून. नक्षीदार भिंतींच्या, जेमतेम सहा मीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून गेलेल्या माश्यांनी नाचातून सुमारे दोनशे मीटर अंतर सांगितले, कारण भिंती जवळ असल्याने दृश्य झपाट्याने सरकत होते. दाट झाडी आणि चढउतारावरून जाताना हे माप भराभर पुढे सरकते, तर सपाट पाण्यावरून जाताना ते मंदावते. हेरान आणि लिंडाउअर यांनी १९६३ मध्ये नोंदवले होते, की आरशासारख्या निश्चल पाण्यावरून उडणाऱ्या माश्या हळूहळू खाली येतात आणि काही पाण्यात पडतात. लाटांनी पृष्ठभागावर खुणा उमटल्या की त्या उंची राखतात. उन्हाळ्यात पोळे थंड ठेवण्यासाठी माशीला पाणी लागते आणि जलाशय ते पुरवतो, हेही तितकेच खरे. मात्र रुंद पाण्यापलीकडचा फुलोरा नकाशावर जितका जवळ दिसतो तितका तो माशीला जवळ नसतो.

रस्ता. मुंबई-नाशिक महामार्गापाठोपाठ ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि त्यातील सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा कसारा घाटाच्या डोंगरातून जातो. बोगद्याने माथ्यावरचे रान बऱ्याच प्रमाणात अबाधित राहते. पायथ्याला मात्र भराव, खोदाई आणि दगडखाणी यांनी उतारांचे तुकडे पडतात. रस्ता ही माशीसाठी दिशादर्शक रेषाही असते; फॉन फ्रिश आणि लिंडाउअर यांच्या १९५४ च्या प्रयोगांत माश्यांनी रानाची कडा किंवा रस्ता यांसारख्या ठळक रेषेला सूर्यापेक्षाही अधिक मान दिला होता. तथापि त्याच रेषेवर धूर आणि धूळ असते. बेंगळुरूमध्ये आग्या माशीवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम ते अधिक प्रदूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या चोवीस तासांत मेल्या आणि अशा भागांत त्यांच्या फुलभेटीही कमी होत्या. आग्या माशी चांदण्या रात्रीही चारा गोळा करते, त्यामुळे रात्रभर जळणारे प्रखर दिवे तिला वाटेवरून ओढून नेतात ही गोष्टही विचारात घ्यावी लागते.

राब आणि वणवा. भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजण्यासाठी ऐन व इतर झाडांच्या फांद्या छाटून पसरण्याची राबाची पद्धत या भागात पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सर्व फांद्या उतरवलेला ऐन खांबासारखा उभा राहतो आणि पुढील काही हंगाम त्याला फुलोरा कमीच येतो. दुसरीकडे, राबाची गरज संपली की बांधावरचा ऐन राखण्याचे कारणही संपते आणि तो लाकूड म्हणून विकला जाण्याचा धोका वाढतो. म्हणजे पद्धत टिकली तर फुले घटतात आणि पद्धत गेली तर झाडच जाते. यावर उपाय पाळीपाळीने छाटणी करण्याचा आहे, ज्यात दरवर्षी काही झाडे फुलायला मोकळी राहतात. उन्हाळी वणवे मात्र कोणाच्याच फायद्याचे नाहीत : त्यांत फुलोरी माशीची झुडपे, सातेरीच्या जुन्या ढोल्या आणि करवंदाच्या जाळ्या एकाच वेळी जातात.

भाजीपाला आणि फवारणी. भात निघाल्यानंतर पाणी असलेल्या शेतांत भेंडी, काकडी आणि कारली यांची लागवड होते. काकडीचे मादीफूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी परागण व्हावे लागते. पुरेसा पराग न पोहोचलेली काकडी एका टोकाला बारीक आणि वाकडी राहते, तेव्हा शेतातील माश्यांची स्थिती तोडणीच्या टोपलीतही वाचता येते. नेमकी सकाळीच फवारणी झाली तर फुलावर आलेली माशी सापडते. मरण लगेच आले नाही तरी हानी टळत नाही. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओपट्ट्या चिकटवून केलेल्या प्रयोगात थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची अल्प मात्रा मिळालेल्या अनेक माश्या घरट्याकडे परतूच शकल्या नाहीत. त्या वर्गातील तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातील वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये थांबवला.

बंगले आणि कुंपणे. मुंबई-ठाण्याच्या जवळिकीमुळे वरकस जमिनीचे प्लॉट पडतात, त्यावर हिरवळ आणि बोगनवेल लावली जाते. दिसायला हा भाग हिरवाच राहतो, परंतु कापलेल्या हिरवळीत फूल नसते आणि बोगनवेलीचा रंग माशीला फारसे काही देत नाही. खुरासणी, तीळ आणि बांधावरचे जांभूळ जिथे होते तिथे वर्षभराचा रिकामा रकाना तयार होतो.

५. वसाहतीचे बदलणारे वर्तन

या सर्व ताणांना वसाहत गप्प बसून तोंड देत नाही. ती आपले वर्तन बदलते. सामान्यतः कामकरी माशी आयुष्याचे पहिले काही आठवडे घरट्यात अळ्यांना भरवणे, मेण गाळणे, पोळे राखणे अशी कामे करते आणि नंतरच चाऱ्यासाठी बाहेर पडते. अन्न कमी पडले किंवा जुन्या माश्या परतल्या नाहीत, तर कोवळ्या माश्या वेळेआधी बाहेर निघतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की अशा अकाली निघालेल्या माश्या कमी फेऱ्या करतात, लवकर मरतात आणि त्यांची जागा भरायला आणखी कोवळ्या माश्या निघतात. हे चक्र वेगाने वसाहतीच्या अंतापर्यंत जाते. म्हणूनच बाहेरून भरभराटीची दिसणारी वसाहत थोड्या दिवसांत रिकामी होऊ शकते.

सातेरीकडे आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे घर सोडणे. मकरंद आटला, मुंग्या किंवा मेणकिडा शिरला, की सातेरीची संपूर्ण वसाहत राणीसह उठून जाते, आणि पेटीत कोरडी पोळी राहतात. मधपाळांना हा आपल्या देखरेखीचा दोष वाटतो आणि काही वेळा तो असतोही. तथापि एकाच मोसमात एकाच गावातील अनेक पेट्या उठल्या, तर त्या गावच्या वर्तुळातील फुलोरा तपासणे हेच पहिले काम ठरते. आग्या माशीचे स्थलांतर याहून वेगळे, नियमित असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने दाखवले, की वसाहती स्थलांतरानंतर आपल्या जुन्याच ठिकाणी परततात. त्यामुळे पोळ्यांनी लगडणारे एक जुने सावरीचे झाड तोडणे म्हणजे अनेक वसाहतींचा परतीचा पत्ता पुसणे होय.

६. करण्याजोगे

महाराष्ट्रात मधमाशीविषयीचे संस्थात्मक काम नवे नाही. महाबळेश्वरच्या परिसरात मधोद्योग दीर्घकाळ रुजलेला आहे, पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे राज्यातील पहिले ‘मधाचे गाव’ झाले. या प्रयत्नांचा आधार घेऊन शहापूर-मुरबाडमध्ये पेट्या वाटणे सोपे आहे. परंतु वर्तुळातील फुलोरा न पाहता वाटलेल्या पेट्या स्थानिक रानमाश्यांशी त्याच तुटपुंज्या मकरंदासाठी स्पर्धा करतात आणि पुढच्या पावसाळ्यात रिकाम्या होतात. पेटीआधी फुलोरा, हा क्रम असायला हवा.

त्या क्रमात चार कामे बसतात. पहिले, प्रत्येक पाड्याभोवतीच्या एक किलोमीटरच्या वर्तुळाचे महिनावार फुलोरापत्रक तयार करणे; हे ज्ञान कातकरी आणि ठाकर मध काढणाऱ्यांकडे आधीच आहे, त्यामुळे ते लिहून घेताना जाणकार म्हणून त्यांना मान आणि मोबदला दोन्ही मिळाले पाहिजेत. दुसरे, पत्रकात जो महिना रिकामा दिसेल त्याचीच झाडे व पिके लावणे : ओढ्याकाठी जांभूळ आणि करंज, वरकसावर खुरासणी, रस्त्याच्या भरावावर शोभेच्या रोपांऐवजी स्थानिक फुलझाडे. तिसरे, ढोलीची जुनी झाडे आणि आग्या माशीचे ठरलेले वृक्ष व कडे यांना संरक्षण देणे, आणि मध काढताना संपूर्ण पोळे जाळण्याऐवजी केवळ मधाचा भाग कापून अळ्यांचा भाग तसाच ठेवणे. चौथे, फवारणी आवश्यकच असेल तर ती फुले मिटल्यावर, संध्याकाळी करणे आणि शेजारच्या मधपाळाला आधी कळवणे.

यांतील बहुतेक कामांना मोठा निधी लागत नाही. लागतो तो निर्णयाचा अधिकार, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांकडे तो कायद्याने आहे. त्यांच्या वनव्यवस्थापन आराखड्यात आज प्रामुख्याने झाडांची जात, संख्या आणि क्षेत्र यांचे रकाने असतात. त्यांशेजारी फुलण्याचा महिना आणि वस्तीपासूनचे अंतर असे दोन रकाने जोडले, तर धरण, रस्ता, छाटणी किंवा प्लॉट यांपैकी कोणत्या बदलाने वर्षातला कोणता दुवा तुटला हे गावालाच दिसेल, तो दुवा कुठे आणि कोणत्या झाडाने जोडायचा हे ठरवता येईल, आणि मधमाशी राखण्याचे काम सदिच्छेच्या पातळीवरून गावाच्या नियोजनात येईल.